निळी गोळी आणि शनिवारची भाकरी

शाळेतली पोषण आहाराची खिचडी आठवीपर्यंतच मिळते. नववीत गेलं की बंद. पण लोहाची निळी गोळी दर आठवड्याला नववी-दहावीलाही असते. मंगळवेढ्याजवळच्या आमच्या शाळेत त्या गोळ्या मला वर्गाच्या खिडकीखाली पडलेल्या दिसल्या. मुलींना विचारलं. "बाई, मळमळतं." सकाळी नुसत्या चहावर आलेल्या पोटात गोळी गेल्यावर मळमळणारच!

म्हणून शनिवारी सकाळची शाळा सुटली की स्वयंपाकाचा वर्ग घ्यायचं ठरवलं, मुलगे-मुली दोघांसाठी. मुख्याध्यापकांना काळजी आचेची. त्यामुळे पहिले तीन शनिवार मोडाची मटकी, कांदा, कोथिंबीर, वर लिंबू एवढंच. मग पालकांची लेखी संमती मिळाली आणि प्रयोगशाळेत इंडक्शन शेगडी आली.

पहिल्याच दिवशी मी फळ्यावर जीवनसत्त्वांचा तक्ता काढला, ती चूक झाली. मुलांनी तो निमूट उतरवून घेतला आणि विसरली. पुढच्या वेळी नूडल्सचं पाकीट आणि वजनकाटा ठेवला. पाकिटावरचा सोडियमचा आकडा अडीचने गुणायचा, तेवढं मीठ कागदावर मोजायचं. शेजारी दिवसभराची मर्यादा, ५ ग्रॅम. दोन ढीग बघून एकानं चिमूटभर मीठ जिभेवर ठेवलं आणि तोंड वेडंवाकडं केलं. तक्त्यानं जमलं नव्हतं ते इथं जमलं.

खरा कस लागला भाकरीला. हा मालदांडी ज्वारीचा मुलूख, पण वर्गातल्या निम्म्या पोरांनी पिठाला हात लावलेला नव्हता. नववीतल्या एकाची भाकरी थापतानाच चिरायची. एका मुलीची आजी आली होती, तिनं परातीत बोट बुडवून सांगितलं, "पाणी कोमट हाय बाळा, उकळतं घे." ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, उकळत्या पाण्यानं पीठ धरून राहतं. तो सहाव्या भाकरीपर्यंत हलला नाही. सहावी तव्यावर फुगली तेव्हा आजीनंच पहिला तुकडा मोडला.

आता गोळीचा वार मी मागून घेतला आहे. शनिवारी भाकरी, मेथीची भाजी, लिंबाची फोड, आणि मग गोळी. त्यानंतर तासभर चहा नाही, कारण चहानं लोह नीट अंगी लागत नाही. खिडकीखाली मी अजूनही जाऊन बघते. गेले पाच आठवडे तिथं काही सापडलेलं नाही.