आमची वाटचाल: सेल्फ, डायनामो आणि एक अर्थची पट्टी

कराडला कोल्हापूर नाक्याजवळ 1991 साली आम्ही दोघांनी गाड्यांच्या इलेक्ट्रिक कामासाठी पत्र्याचं शेड भाड्यानं घेतलं. दोघे म्हणजे मी आणि माझा तेव्हाचा भागीदार. एकाच वस्तादाच्या हाताखाली शिकलेलो. तो आर्मेचर बांधायचा, म्हणजे सेल्फमधला (इंजिन चालू करणाऱ्या मोटरमधला) तारा गुंडाळलेला फिरता भाग. मी वायरिंग बघायचो. भांडवल काय, तर बॅटरीतलं ॲसिड तपासायचा एक हायड्रोमीटर, एक चार्जर, 21 वॅटच्या बल्बला दोन वायरी जोडून केलेला टेस्ट लॅम्प आणि ग्रोलर, म्हणजे आर्मेचर तपासायचं यंत्र. ग्रोलर मी माझ्या लग्नातली अंगठी मोडून घेतला होता. मुद्दाम सांगतोय, कारण तो पुढं परत येणार आहे.

आर्मेचर ग्रोलरवर ठेवायचं, वरून हॅक्सॉचं पातं धरायचं आणि हळूहळू फिरवायचं. ज्या खाचेवर पातं तडतडायला लागलं, तिथलं वाइंडिंग शॉर्ट. ते तडतडणं बोटांत उतरतं, डोळे मिटूनही कळतं. आजची पोरं सेल्फ सरळ बदलूनच टाकतात, त्यांना काय कळणार.

1998 च्या गणपतीत भागीदार वेगळा झाला. मला सांगून नव्हे. सकाळी शेडचं कुलूप उघडलं तर टेबल रिकामं, आणि चार दिवसांत रस्त्याच्या पलीकडं नवीन बोर्ड. ग्रोलर गेला, जुन्या गिऱ्हाइकांची वही गेली. त्याचंही वाईट वाटलं नसतं, पण तो नाक्यावर सांगत सुटला, "त्याच्याकडं गाडी नेऊ नका, नुसता मीटर घेऊन बसतो, निम्मा दिवस घालवतो." मीटर घेऊन बसतो हे खरंच होतं. बसल्याशिवाय फॉल्ट सापडतो का? त्याच्याकडं गाडी गेली की ठरलेलं: बॅटरी गेली, नाहीतर सेल्फ गेला. दोन्हींत कमिशन.

माझं सात महिन्यांचं भाडं थकलं. घरी बायकोच्या शिलाई मशीनवर चूल पेटत होती. चार्जर विकायला काढला होता, गिऱ्हाईकही ठरलं होतं.

त्याच आठवड्यात हायस्कूलच्या एका मास्तरांची फियाट ढकलत आली. 1986 ची पद्मिनी, पांढरी. मास्तर घामाघूम.

"अरे, किल्ली फिरवली की चोक तापतोय," ते म्हणाले. "हात भाजला माझा."

"सर, समोर दाखवली होती का?"

"तीनदा. नवी बॅटरी, सेल्फ बांधून घेतला, चोकची केबल दोनदा बदलली."

धंद्यातल्या माणसाला इथंच कळलं असेल. मी बॉनेट उघडलं. बॅटरी बसल्या जागी 12.6 व्होल्ट, झकास. कॉइलची (प्लगला ठिणगी पुरवणारी) मधली वायर काढून इंजिनच्या ब्लॉकला, म्हणजे लोखंडी अंगाला, अर्थ केली, म्हणजे इंजिन सुरू होणार नाही. मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसवर (क्लॅम्पवर नव्हे, खुद्द शिशाच्या खुंटावर), दुसरी इंजिनच्या ब्लॉकवर. मास्तरांना म्हटलं, "मारा सेल्फ." सेल्फ कण्हला, काटा पावणेचारवर गेला. तिथं अर्धा व्होल्टही जास्त.

इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं. त्याला बॉडीशी जोडणारी विणलेल्या तांब्याची पट्टी गंजून तीन-चार तारांवर लटकत होती. सेल्फ ओढणार शे-दीडशे अँपिअर, त्याला बॅटरीच्या मायनसकडं परतीची वाट पाहिजे. पट्टीतून मिळेना म्हणून करंट चोकच्या केबलमधून, म्हणजे डॅशबोर्डवरच्या खटक्यापासून इंजिनपर्यंत जाणाऱ्या तारेतून जात होता. केबल तापणार नाही तर काय होणार? दोनदा बदलली म्हणे!

पट्टी 40 रुपये, मजुरी 50. बॉडीवरचा रंग पॉलिश पेपरनं खरवडून पट्टी आवळली. गाडीनं पहिल्या फटक्यात सेल्फ घेतला. मास्तर काही बोलले नाहीत, समोरच्या बोर्डाकडं बघत राहिले. दुसऱ्या दिवसापासून स्टाफरूममधल्या गाड्या आणि स्कूटरी यायला लागल्या. चार्जर विकला नाही.

त्यानंतरची वीस-बावीस वर्षं सांगण्यासारखं काही नाही, काम चाललं. शेडचं पक्कं दुकान झालं, मुलगा हाताशी आला. त्यानं गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून फॉल्ट दाखवणारा स्कॅनर आणलाय. आणूदे, पण जुन्या फियाटला किंवा कार्बोरेटरच्या मारुती 800 ला तो खुपसणार कुठं?

आता निघालोच आहे तर सांगतो. किल्ली फिरवली आणि नुसतं कट्कट् झालं तर लगेच सेल्फ उतरवू नका. हेडलाइट लावा आणि मग सेल्फ मारा. लाइट मावळली तर आधी बॅटरी आणि टर्मिनल बघा. लाइट ढिम्म हलली नाही तर सोलेनॉइड (सेल्फला करंट सोडणारा खटका) किंवा किल्लीचा स्विच. सेल्फवर पाना मारल्यावर तो उचलत असेल तर कार्बन (आर्मेचरला घासून करंट देणारे ब्रश) संपलेत, पाना मारत फिरू नका. टर्मिनलवरची पांढरी बुरशी गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुवा, वर व्हॅसलीन लावा. काढताना मायनस आधी, लावताना मायनस शेवटी. आणि एका दमात दहा सेकंदांच्या वर सेल्फ मारायचा नाही, तो पंखा नव्हे.

मास्तर आता नाहीत. फियाट त्यांचा मुलगा दसऱ्याला घेऊन येतो, पट्टी अजून तीच आहे.

समोरचं दुकानही आहे. आम्ही बोलत नाही. मुलगा म्हणतो, "बाबा, सोडा की आता, ग्रोलर केवढ्याचा तो." नवा मी 2003 सालीच घेतला. पण दुकानाच्या पहिल्या वहीत पहिल्या पानावर सामानाच्या यादीत 'ग्रोलर, नग 1' असं माझ्या हातचं लिहिलंय. ते अजून खोडलेलं नाही.