अलार्म न देणारी सर्वो

आत्याच्या नव्या घराची पाटी करायची होती, ‘मातृछाया’. मंगळवार पेठेतल्या घराच्या मागच्या खोलीत दीड वर्ष खपून उभ्या केलेल्या माझ्या सीएनसी राउटरचं, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमावर लाकूड खोदणाऱ्या यंत्राचं, हे पहिलं खरं काम. सागवानाची फळी, अक्षरं आत खोदलेली. आधी आडव्या रेघा मारत अक्षराचं पोट रिकामं करायचं, मग शेवटी कडेनं एक साफ फेरा. पोट छान निघालं. कडेचा फेरा मात्र अक्षरावर बसेचना. सगळा २ मिमी उजवीकडे सरकलेला, शिरोरेषेचं टोक कोऱ्या लाकडात घुसलेलं.

एक्सवर, म्हणजे डाव्या-उजव्या चालीच्या अक्षावर, ७५० वॅटची एसी सर्वो मोटर आणि एका फेऱ्यात १० मिमी सरकवणारा बॉलस्क्रू. मोटर चालवणाऱ्या ड्राइव्हवर एकही अलार्म नाही. हीच गोष्ट मला खात होती. मोटर मागे पडली की ड्राइव्हनं बोंब मारायला हवी, त्यासाठीच तर स्टेपर (मागे पडली तरी न सांगणारी साधी मोटर) सोडून सर्वोला पैसे घातले.

पहिला संशय स्पिंडलच्या (पातं फिरवणाऱ्या मोटरच्या) व्हीएफडीवर, म्हणजे तिचा वेग ठरवणाऱ्या यंत्रावर; त्यातून विजेचा गोंगाट, नॉइज, पसरतो. त्याची केबल आणि पल्सची (मोटरला किती फिरायचं ते सांगणाऱ्या विजेच्या ठोक्यांची) केबल एकाच पट्टीतून नेली होती, म्हणजे चूक माझीच. शील्डवाली केबल घेतली, शील्ड एकाच टोकाला अर्थ केली, दोन्ही वायरिंग वेगळ्या बाजूंनी नेलं. आठवडा गेला. फरक शून्य.

मग शिवाजी उद्यमनगरातल्या मेस्त्रीमामांना बोलावलं. आयुष्य लेथवर गेलेला माणूस. मॅग्नेटिक स्टँडसकट डायल (बारीक सरकणं मोजणारं घड्याळ) घेऊन आले आणि कॉम्प्युटरकडे बघितलंसुद्धा नाही. स्क्रूच्या शाफ्टवर, मोटरच्या शाफ्टवर आणि दोन्ही जोडणाऱ्या कपलिंगवर मार्करनं एक सरळ रेघ ओढली, डायल शून्यावर लावला.

“पळीव आता शंभर डाव.”

३०० मिमी जा, परत ये, असा शंभरदा पळवला. डायलवर १ मिमीचा फरक. रेघ मात्र सरळ, जरासुद्धा तुटलेली नाही.

“कपलिंग सुटलं न्हाई न्हवं? मग लोखंडाला बोल लावू नगंस. तुझ्या त्या डब्यात बघ.”

मी म्हटलं, “मामा, डब्यात कुठं बघू?”

“ते मला काय ठावं! पर एवडं लांब पळीवतोस कशाला? थोडकं पळीवून बघ की.”

मामांना बहुधा नुसता कंटाळा आला होता. पण मी अंतर १० मिमी केलं, पुन्हा शंभर फेऱ्या. फरक तेवढाच, १ मिमी. स्पिंडल बंद ठेवून केलं, तरी १ मिमीच. इथं माझं डोकं पहिल्यांदा चाललं. चूक अंतरावर अवलंबून नाही, म्हणजे स्क्रूच्या मापाची नाही. नॉइज असता तर आकडा दर वेळी बदलला असता. ही चूक फेऱ्या मोजत होती.

ड्राइव्हच्या डिस्प्लेवर आलेल्या पल्सचा आकडा बघता येतो. शंभर फेऱ्यांनंतर तो शून्यावर यायला हवा होता. आला २०० वर. माझ्याकडे एक पल्स म्हणजे ५ मायक्रॉन. २०० पल्स म्हणजे बरोबर १ मिमी. मोटर खरंच किती फिरली ते मोजणाऱ्या एन्कोडरचा आकडाही त्याच्याशी जुळत होता. मोटरला जेवढं सांगितलं तेवढं तिनं इमानदारीत केलं होतं, सांगणाराच चुकत होता. मग अलार्म कशाचा देणार?

फेरीला दोन पल्स का, हे कळायला आणखी एक रात्र गेली. कॉम्प्युटर आणि ड्राइव्हच्या मध्ये ऑनलाइन मागवलेला स्वस्त ब्रेकआउट बोर्ड होता; त्यावर पल्सच्या लाइनला वेगवान ऑप्टोकपलर (सिग्नल उजेडातून पुढे देणारे भाग) होते आणि दिशेच्या लाइनला पीसी८१७, म्हणजे साधे, धीमे. असा ऑप्टो चालू पटकन होतो, बंद व्हायला रेंगाळतो. त्यामुळे एका बाजूला वळताना दिशा बदलायच्या आत पहिला पल्स पोहोचायचा आणि जुन्याच दिशेला मोजला जायचा. डावीकडचा एक गेला, उजवीकडे एक वाढला, झाले दोन. दुसऱ्या बाजूला वळताना मात्र सगळं वेळेत, म्हणून फिटंफाट होत नव्हती आणि सरकणं नेहमी उजवीकडेच.

लिनक्ससीएनसीमध्ये, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, दिशा बदलल्यावर पहिल्या पल्सआधी किती थांबायचं ते नॅनोसेकंदात भरता येतं. मी तिथं ५,००० ठेवले होते, ड्राइव्हच्या पुस्तिकेत बघून. पुस्तिकेचा आकडा ड्राइव्हपुरता खरा. मधल्या बोर्डाचा उशीर त्यात कुठून येणार? ४०,००० केले. शंभर फेऱ्या, डायल शून्य. विश्वास बसेना म्हणून पाचशे मारल्या, तरी शून्य.

सहज वाय (पुढे-मागे चालणारा अक्ष) पळवून बघितला, जुन्याच सेटिंगवर. तिथंही १ मिमी! वर-खाली चालणाऱ्या झेडलाही तेच. पाटी खोदताना ते दोन्ही फारसे उलटसुलट फिरत नाहीत, म्हणून त्यांचं दुखणं लपून राहिलं होतं. तिन्हींना ४०,००० भरले.

दुसरी पाटी आत्याच्या दारावर लागली. पहिली मामा उद्यमनगरात घेऊन गेले, फळी चांगली आहे म्हणून. मागच्या बाजूनं खिळे मारून तिच्यावर नट-बोल्टचे पाने टांगलेत.