तुम्ही विचारलंत म्हणून: लोगोच्या वर्गात कार्टूनचे चॅनल कशाला?

"मॅडम, पोराले लोगो शिकवाले कार्टूनचे चॅनल काऊन दाखवता? बँकांचे दाखवा, एलआयसीचा दाखवा." ॲडमिशनच्या दिवसांत हा प्रश्न ठरलेला असतो. मी नागपूरच्या धरमपेठेत कमर्शियल आर्टचे वर्ग घेते आणि सोबत इतवारी-महालातल्या दुकानांसाठी लोगो, पाट्या, पिशव्या अशी कामं करते. त्यामुळे पालक विचारतात तसे दुकानदारही विचारतात.

एलआयसीचे ज्योतीभोवतीचे दोन हात आम्ही शिकतोच. पण असे लोगो पिढ्यान् पिढ्या टिकावेत म्हणूनच काढलेले असतात, बदलाचा अभ्यास त्यांच्यावर होत नाही. मुलांच्या चॅनलचं तसं नसतं. तिथला प्रेक्षक काही वर्षांत मोठा होतो आणि निघून जातो, त्याच्या जागी नवा येऊन बसतो. म्हणून हे चॅनल रूप बदलत राहतात, आणि दर वेळी त्यांनी काय टाकलं, काय ठेवलं, हे आपल्याला शेजारी शेजारी ठेवून बघता येतं. लोगो करणाऱ्याला हीच पारख यायला हवी: काय ठेवायचं.

पहिला तास कार्टून नेटवर्कचा. अमेरिकेत ते १ ऑक्टोबर १९९२ ला सुरू झालं आणि आपल्याकडे १ मे १९९५ ला आलं. दिवसा कार्टून चालायचं आणि रात्री त्याच जागेवर टीएनटी या सिनेमाच्या चॅनलचे जुने इंग्रजी सिनेमे. नागपूरच्या मे महिन्यात दुपारी पोरांना घराबाहेर कोण सोडणार? कूलरपुढे बसलेल्या एका अख्ख्या पिढीच्या डोळ्यांत ती काळ्या-पांढऱ्या चौकटींची पट्टी पक्की बसली आहे. ही पिढी आता स्वतःच्या पोरांना माझ्याकडे घेऊन येते.

मी मुलांना चौकटीची वही काढायला लावते. दोन ओळी, एकीत सात चौकटी. इंग्रजी स्पेलिंगमध्ये कार्टूनची अक्षरं सात आणि नेटवर्कचीही सातच. वरची पहिली चौकट काळी, तिच्यात अक्षर पांढरं, दुसरी पांढरी, तिच्यात अक्षर काळं, असं शेवटपर्यंत. खालची ओळ पांढरीपासून सुरू. सगळं मिळून चौदा चौकटी. ना रंग, ना चित्र, ना एखादं पात्र. रंगांनी ओसंडणाऱ्या पडद्यावर काळं-पांढरंच आधी नजरेत भरतं, हे ज्याला सुचलं त्याचं मला आजही कौतुक वाटतं.

खरी मजा वरच्या ओळीत आहे. तिथे दोन ओ शेजारी येतात, एक काळ्या चौकटीत पांढरा आणि एक पांढऱ्या चौकटीत काळा. मुलं कंपास घेऊन दोन्ही अगदी सारखे काढतात आणि वही लांब धरून बघतात, तर पांढरा मोठा वाटतो. दोनदा मोजतात. माप बरोबर असतं. काळ्यावरचं पांढरं डोळ्याला फुगलेलं दिसतं, म्हणून त्याची रेघ केसभर बारीक करावी लागते. हे मी सांगितलं तर डायरीत राहतं, हाताने काढलं की डोक्यात बसतं. एका तासात एवढं देणारा दुसरा लोगो मला तरी सापडलेला नाही.

१४ जून २००४ ला अमेरिकेत तो लोगो बदलला. पूर्ण नाव गेलं, सी आणि एन उरले, तिरक्या, जाडी दिलेल्या दोन चौकोनांवर. सोबत थ्रीडीतलं एक शहर आलं, ज्यात वेगवेगळ्या कार्टूनमधली पात्रं शेजारी म्हणून राहायची. शहर मला फार आवडतं, लोगो तितका नाही. त्या जाडीने अक्षरांचा सरळपणा गेला. मात्र एक गोष्ट त्यांनी अचूक केली. पडद्याच्या कोपऱ्यात नखाएवढ्या जागेत चौदा अक्षरांचा गिचका होतो, दोन सुखाने मावतात. आणि काळा-पांढरा चौकोन त्यांनी सोडला नाही. २०१० मध्ये ब्रँड न्यू स्कूल या स्टुडिओने जाडी काढून ती दोन अक्षरं पुन्हा सपाट केली, मागे चौकटींची नक्षी परत आणली, आणि रंग घेतले सियान, मॅजेंटा, यलो, ब्लॅक. म्हणजे आपले प्रेसवाले ज्याला फोर कलर म्हणतात, तेच! छापखान्याचा कच्चा माल थेट टीव्हीवर. मुलांना मी हे दाखवते तेव्हा ज्यांच्या घरी प्रेस आहे त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

डिस्ने चॅनलवर फार वेळ घालवत नाही. हातात मिकीचे कान असताना लोगोवाल्याला फारसं घाबरायचं कारण नसतं. २०१४ मध्ये त्यांनी ते कान इंग्रजी आय या अक्षराच्या टिंबावर बसवले, सुबक झाले, बस.

निकलोडियन हे मुलांचं चॅनल मात्र दोन तास खातं. १९७९ मध्ये ते सुरू झालं तेव्हा लोगोत एक माणूस जुन्या पेटीत डोकावून सिनेमा बघत होता. पुढे चंदेरी गोळ्यावर रंगीबेरंगी अक्षरं आली. मग १९८४ मध्ये फ्रेड सायबर्ट आणि ॲलन गुडमन या ब्रँडिंगवाल्या जोडीने टॉम कोरी आणि स्कॉट नॅश या डिझायनरांकडून तो प्रसिद्ध नारिंगी शिंतोडा करून घेतला. रंग नारिंगीच, अक्षरं पांढरी आणि बलून या टाइपातलीच. आकार मात्र कुठलाही: पाऊल, हाड, फुगा, डायनासोर. तान्ह्या पोळ्याला आपली पोरं तोच लाकडी नंदी दरवर्षी नव्याने सजवतात. यांनी सजावट कायम ठेवली आणि नंदीच बदलत राहिले. एकाच लोगोचे इतके आकार झाले, तरी ओळखायला कुणाला त्रास झाला नाही. धाडस म्हणतात ते हे.

२००९ मध्ये तो शिंतोडा काढला गेला. निक ज्युनियर, निकटून्स, टीननिक अशी चॅनलची बरीच भावंडं झाली होती, सगळ्यांना एकाच घडणीच्या छोट्या लिपीतल्या अक्षरांत बसवायचं होतं. गरज समजते. पण नारिंगी रंग राहिला आणि मस्ती गेली. मार्च २०२३ मध्ये शिंतोडा परतला. मला आनंद झाला, तरी वाटतं की त्याला पूर्वीसारखं मोकाट सोडायला हवं होतं.

दुकानदारांसाठी माझं उत्तर यातूनच निघतं. इतवारीतल्या एका साडीवाल्या काकांना मोबाइलच्या डीपीत बसेल असा नवा लोगो हवा होता. जुनी पाटी आजोबांच्या वेळची, पेंटरने हाताने रंगवलेली: मरून जमिनीवर पिवळी अक्षरं, देवीचं चित्र, फोन नंबर, शाखेचा पत्ता, आणि नावातला ळ असा ऐटीत वळवलेला की पुन्हा पुन्हा बघावा. त्यांना वाटत होतं मी सगळं पुसून चकचकीत काहीतरी देईन. आम्ही चित्र, नंबर, पत्ता काढला. मरून आणि पिवळा ठेवला. ळ ट्रेस केला, एक रेघही सुधारली नाही, आणि डीपीत तो एकटाच बसवला.

"ताई, हा तर आमचाच आहे," काका म्हणाले. त्यांनी पिशव्यांची ऑर्डर त्याच दिवशी दिली.