रिपोर्ट निगेटिव्ह, गाठ तशीच

मावशींच्या फाइलमधला पहिला बायोप्सी रिपोर्ट दोन ओळींचा होता. नेक्रोसिस (मेलेल्या पेशी) आणि दाह आहे, कर्करोगाच्या पेशी दिसल्या नाहीत. घरच्यांनी त्याचा अर्थ 'कॅन्सर नाही' असा घेतला आणि देवीला नारळ फोडला. तेव्हाच्या डॉक्टरांनी 'म्हणजे टीबीच' असा घेतला आणि गोळ्या सुरू केल्या. त्या दोन ओळींत यातलं काहीच लिहिलेलं नव्हतं.

मी इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट आहे. सीटी स्कॅनवर बघत छातीतल्या गाठीपर्यंत सुई न्यायची आणि तपासणीसाठी तुकडा काढायचा, हे माझं नेहमीचं काम. मावशी कराडच्या पुढच्या एका गावातून आल्या होत्या. पन्नाशी उलटलेली, आयुष्यभर शेतात राबलेल्या. तंबाखू सोडाच, मशेरीसुद्धा कधी लावलेली नाही. त्यामुळे कर्करोगाचा विचार कुणाच्याच मनात पहिल्यांदा आला नाही. आपल्याकडे क्षय इतका आहे की फुफ्फुसात डाग दिसला की डोकं आधी तिकडेच धावतं, आणि पुष्कळदा ते बरोबरही असतं. पण मावशींच्या थुंकीत जंतू कधीच सापडले नव्हते, क्षयाच्या जंतूची जनुकं शोधणारी सीबीनॅट चाचणीही निगेटिव्ह होती. चार महिने गोळ्या झाल्या. लघवी लाल व्हायची, भूक मेली, खोकला होता तसाच. नव्या सीटीत गाठ थोडी मोठीच दिसत होती. तेव्हा एका छातीरोगतज्ज्ञांनी चिठ्ठीवर 'बायोप्सी परत करा' एवढंच लिहून त्यांना आमच्याकडे पाठवलं.

आधीच्या बायोप्सीच्या वेळची चित्रं मी मागवून घेतली. सुईचं टोक बरोबर गाठीच्या मध्यावर होतं. काम नेटकं झालं होतं. नडला तो मध्यच. इंजेक्शन देऊन केलेल्या सीटीत गाठीची कड उजळत होती आणि आतला भाग काळपट राहत होता. तिथे रक्त पोहोचत नव्हतं, पेशी मरून गेल्या होत्या. मेलेल्या भागातला तुकडा काढला तर तो मायक्रोस्कोपखाली तपासणाऱ्या पॅथॉलॉजिस्टला नेक्रोसिसच दिसणार. त्यांनी जे पाहिलं ते इमानदारीने लिहिलं. तुकड्याबद्दल तो रिपोर्ट खरा होता. मावशींबद्दल त्यातून काहीच कळत नव्हतं.

हे मी रुग्णांच्या नातेवाइकांना पुन्हा पुन्हा सांगते, इथेही सांगते. सुईच्या बायोप्सीत कर्करोग आहे असं आलं, तर ते जवळपास नेहमीच खरं असतं. उलट बाजू तितकी पक्की नाही. गाठ कर्करोगाची असेल तर ती या तपासणीत सापडण्याचं प्रमाण साधारण 90 टक्क्यांच्या आसपास आहे. गाठ एक सेंटिमीटरहून लहान असेल तर आणखी कमी. उरलेल्यांचा रिपोर्ट निगेटिव्ह येतो आणि रोग आतच असतो. शिवाय सगळे निगेटिव्ह सारखे नसतात. क्षयाच्या ग्रंथिका (पेशींचे विशिष्ट पुंजके) दिसल्या, बुरशी दिसली, हॅमार्टोमासारखी निरुपद्रवी गाठ ओळखू आली, तर उत्तर मिळालं म्हणायचं. नुसता 'दाह' किंवा नुसतं 'नेक्रोसिस' आलं, तर प्रश्न अजून उभाच आहे. अशा वेळी बायोप्सी परत करायची, नाहीतर ठरावीक काळाने स्कॅन करून गाठीवर लक्ष ठेवायचं.

मावशींचा मुलगा मात्र अडून बसला होता. "म्याडम, एकदा टोचून झालंय. गावात सगळी म्हणत्यात, गाठीला सुई लागली की ती चवताळती. परत टोचून पसरवायचं काय?"

या भीतीला मी कधीच हसत नाही. गाव जे सांगतं त्याच्या मागे बघितलेली माणसं असतात. बायोप्सी झाली तेव्हा रोग आधीच पसरलेला होता, आणि दोष सुईच्या माथी आला. मी त्याला सांगितलं की सुईच्या वाटेवर कर्करोग रुजल्याची उदाहरणं दहा हजारांत बोटांवर मोजण्याइतकी आहेत. बाहेरची सुई एकदाच आत जाते, तुकडे घेणारी सुई तिच्या पोटातून ये-जा करते. खरा धोका हवा सुटण्याचा. चार-पाच जणांत एकाला फुफ्फुसाभोवती थोडी हवा साठते, बहुतेकांची आपोआप जिरते, वीसात एखाद्याला नळी घालावी लागते. तो गप्प ऐकत होता. मावशीच म्हणाल्या, "पोरी, ह्या वेळी तरी रोगाचं नाव सांगशील ना?"

त्यांना सीटीच्या टेबलावर पालथं झोपवलं. श्वास किती घ्यायचा, कुठे थांबवायचा याची आधी तालीम घेतली, कारण खालच्या भागातली गाठ श्वासाबरोबर वरखाली सरकते. बरगडीच्या खालच्या कडेला रक्तवाहिन्या असतात, म्हणून सुई बरगडीच्या वरच्या कडेवरून घातली. मध्य टाळून उजळणारी कड गाठायची होती. ती पट्टी जेमतेम सेंटिमीटरभर जाडीची. 'खट्ट' असा आवाज येईल, दचकू नका, असं आधीच सांगून ठेवलं होतं.

माझी पॅथॉलॉजिस्ट सहकारी मायक्रोस्कोप घेऊन बाजूच्या खोलीत बसली होती. तुकडा काचेवर टेकवून ठसा घ्यायचा, टोल्युडिन ब्लू हा रंग लावायचा, लगेच बघायचं. पहिल्या ठशात पुन्हा मेलेल्या पेशीच. सुईचा कोन थोडा बदलून दुसरा तुकडा काढला. ती बराच वेळ वर बघेना. मग म्हणाली, "आहेत. गुच्छच्या गुच्छ आहेत. पण अजून तीन दे, म्युटेशनच्या तपासणीला पुरले पाहिजेत."

शेवटच्या स्कॅनमध्ये फुफ्फुसाच्या कडेला हवेची बारीक रेघ दिसली. मावशींना टोचलेल्या बाजूवर वळवून ऑक्सिजन लावला. संध्याकाळच्या एक्सरेत ती वाढलेली नव्हती.

निदान ॲडेनोकार्सिनोमा, म्हणजे फुफ्फुसाच्या कर्करोगाचा एक प्रकार; तो फुफ्फुसातलाच असल्याची खूण देणारी टीटीएफ-1 चाचणी पॉझिटिव्ह. म्युटेशनच्या तपासणीत ईजीएफआर नावाच्या जनुकात बदल सापडला. न ओढणाऱ्या बायकांच्या फुफ्फुसाच्या कर्करोगात हा बदल बऱ्याचदा असतो आणि त्यावर गोळी आहे. रोग शरीरात कुठे पसरलाय ते दाखवणाऱ्या पेट स्कॅनमध्ये हाडात एक ठिकाण उजळलं, त्यामुळे ऑपरेशनचा मार्ग बंद झाला. चार महिन्यांपूर्वी ते ठिकाण होतं का, हे तेव्हा पेट न झाल्यामुळे कुणालाच सांगता येणार नाही. मला त्याचं अजून वाईट वाटतं. टीबीच्या गोळ्या थांबल्या, नवी गोळी सुरू झाली. पुढच्या सीटीत गाठ निम्म्याहून लहान झाली होती आणि मावशींना भाकरी गोड लागायला लागली होती.

रोगाचं नाव मात्र मावशींना मीच सांगितलं, मुलाच्या समोर. त्याला ते आईपासून लपवायचं होतं. "तिनं विचारलंय," एवढंच मी म्हटलं.

त्यानंतर माझ्या सहकारीने नुसत्या नेक्रोसिसच्या प्रत्येक रिपोर्टखाली एक ओळ घालायला सुरुवात केली: 'या नमुन्यावरून निदान होत नाही, पुन्हा बायोप्सीचा विचार व्हावा.' रिपोर्ट गेला की ती त्या डॉक्टरांना फोनही करते. त्या ओळीमुळे अलीकडे एक तरुण परत आला. सगळ्यांनी कर्करोग धरला होता. दुसऱ्या बायोप्सीत क्षयाच्या ग्रंथिका मिळाल्या, आणि तुकड्याच्या सीबीनॅटमध्ये रिफॅम्पिसिन या क्षयाच्या मुख्य औषधाला न जुमानणारा जंतू. त्याचे उपचार त्याच आठवड्यात सुरू झाले.