वेडंवाकडं भोक, गोल कवडसा

गाडी ओढ्याच्या अलीकडेच थांबली. पलीकडची वाट पायी वीस मिनिटांची होती. सात पेट्यांपैकी उचलता येतील अशा चार घेतल्या. सूक्ष्मदर्शक आणि प्रोजेक्टर गाडीतच राहिले. माझा चेहरा पडला, कारण त्या दिवसाचा सगळा बेत पाण्याच्या थेंबातल्या जीवांचा होता. फिरत्या प्रयोगशाळेत सहा वर्षं काढूनही एखादी पेटी मागे राहिली की मला अर्ध्या तयारीनं परीक्षेला बसल्यासारखं वाटतं.

शाळा एका खोलीची, पत्र्याच्या छताची. मुलं ६३. मग विजेवर फिरणारी छोटी मोटार बनवण्यावर भागवायचं ठरवलं. पाच-पाच जणांत एक सेल, दोन सेफ्टी पिना, एक चुंबक आणि तांब्याच्या तारेचं वेटोळं. वेटोळ्याच्या एका टोकावरचं रोगण पूर्ण खरवडायचं, दुसऱ्यावरचं फक्त अर्ध्या बाजूचं. दोन्हीकडं पूर्ण खरवडलं तर वेटोळं नुसतं डुगडुगतं, फिरत नाही. नेमकं हेच कुणी ऐकत नाही, त्यामुळे पहिला तासभर मी गटागटांतून तारा दुरुस्त करत फिरत होते.

एका गटात सहावीतली एक मुलगी मोटारीकडं पाहतच नव्हती. तिची नजर जमिनीवर होती.

"ताई, हा कवडसा गोल का?"

माझ्या हातात वेटोळं, तोंडात पिन. मी न बघताच म्हटलं, "भोक गोल असेल."

"नाही. खिळा उपटताना पत्रा फाटलाय तिथं. तीन कोपरे आहेत."

मी वर पाहिलं. होते, तीन कोपरे. आसपासच्या पोरांनीही माना वर केल्या आणि मग सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. कवडसा म्हणजे सूर्याची प्रतिमा हे मला माहीत होतं, कित्येकदा शिकवलंही होतं. तरी घाईत तोंडातून चुकीचं उत्तर गेलं, तेही एवढ्या ठाम आवाजात.

"चुकलं माझं," म्हटलं, "आता बघूच." मोटारी बाजूला सरकवल्या. सूर्याकडं थेट पाहायचं नाही, भोकाला डोळा लावायचा नाही, हे आधी दोनदा बजावलं. गुरुजींनी शिडी आणली आणि स्वतःच चढले. पांढरा पुठ्ठा भोकाखाली वीतभर अंतरावर धरला, तर त्यावर उजेडाचा तिकोन. पुठ्ठा खाली येऊ लागला तसे कोपरे बोथट होत गेले आणि कमरेच्या उंचीला येईतो चकती गोल झाली. जमिनीवर ती जरा लांबट दिसत होती, पुठ्ठा उन्हासमोर सरळ धरला की गोल. हे खालीवर करणं पोरांनी किती वेळा केलं, मी मोजलं नाही.

पण असं का होतं, ते शब्दांत सांगून पटेना. तेव्हा खगोलशास्त्रज्ञ केप्लर आठवला. ॲरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या एका जुन्या प्रश्नसंग्रहातही चौकोनी फटींतून पडणारं ऊन गोल का, हा प्रश्न आहे. त्याचा उलगडा केप्लरनं १६०४ सालच्या प्रकाशावरच्या ग्रंथात केला, तोही चक्क एका दोऱ्यानं. दोरा आमच्याकडं होता. एकानं बाकावर उभं राहून ताट उंच धरलं; ताट म्हणजे सूर्य. खाली दोघांनी तिकोनी भोक पाडलेला पुठ्ठा धरला. दोऱ्याचं एक टोक ताटाच्या काठावर टेकवायचं, दोरा भोकाच्या कडेकडेनं फिरवायचा आणि दुसरं टोक जमिनीवर जिथं टेकेल तिथं खडूची खूण करायची. पहिल्या जागेवरून लहानसा तिकोन उमटला. दोरा ताटाच्या काठावर पुढं सरकवला, शेजारी दुसरा तिकोन. पंधराएक तिकोन झाल्यावर खडू धरलेला मुलगा उठून मागं सरला आणि ओरडला, "अरे, ताटच खाली उतरलं की!"

तिकोनांनी मिळून गोल धरला होता.

मला वाटलं, झालं. पण त्या मुलीचं समाधान झालं नव्हतं. "मग ह्याच्यावरून सूर्य केवढा ते मोजता येईल?"

येतं. भोकापासून पुठ्ठ्यापर्यंत, उन्हाच्या तिरक्या रेषेत, टेप लावला: ३६० सेंटीमीटर. चकतीची रुंदी ३.८. म्हणजे अंतराचा साधारण पंचाण्णवावा भाग. सूर्य १५ कोटी किलोमीटर लांब आहे हे मी सांगितलं, भागाकार तिनं केला: जवळजवळ १५ लाख ८० हजार किलोमीटर. खरा व्यास सुमारे १३ लाख ९० हजार. मी "बरंच जवळ आलं" म्हणून विषय आवरता घेणार होते. (जेवणाची सुट्टी टळून गेली होती आणि गुरुजी घड्याळाकडं बघत होते.) ती मात्र खडूच्या तिकोनांशी जाऊन बसली. थोड्या वेळानं म्हणाली, "ताई, तिकोन गोलाच्या बाहेर पण जातात. तेवढी चकती फुगली असणार."

गुरुजी पुन्हा शिडीवर. भोक अर्ध्या सेंटीमीटरचं निघालं. ३.८ मधून ०.५ वजा, उरले ३.३. नवं उत्तर १३ लाख ७५ हजारांच्या आसपास. ही वजाबाकी सहा वर्षांत मी एकदाही करून घेतली नव्हती.

निघताना चुंबकं मोजली, नेहमीप्रमाणे दोन कमी भरली. रात्री मुक्कामावर अहवालाचा तक्ता भरला. उपस्थिती ६३. 'वापरलेले साहित्य' या रकान्यात सेल, पिना, तार, दोरा, पुठ्ठे लिहून झाल्यावर शेवटी लिहिलं: छताला पडलेलं भोक, नग १.

चार दिवसांनी कार्यालयातून फोन आला. हा नग कोणत्या पेटीतला, यादीत सापडत नाही म्हणाले.