तल्लुरुतित: हनुवटीवरचं गोंदण

सकाळी सहाला लेकीने केबिनचं दार वाजवलं. "आई, जॅकेट घाल आणि वर ये. डेव्हन दिसतंय."

आमचं जहाज कॅनडाच्या अगदी उत्तरेच्या, आर्क्टिक बेटांमधून चाललं होतं. डेकवर गेले तर डाव्या हाताला लांबच्या लांब कडे. माथे सपाट, आणि माथ्यापासून थेट पाण्यापर्यंत उतरलेल्या उभ्या घळी. घळींत बर्फ, मधे काळपट खडक. पाऊण तास जहाज पुढे जात होतं आणि त्या रेघा संपत नव्हत्या. आमची मार्गदर्शक शेजारी कॉफीचा मग घेऊन उभी होती. ती इनुइट, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांपैकी. मित्तिमातालिक गावची, पन्नाशीची बाई. तिला मी विचारलं, तुम्ही या बेटाला काय म्हणता?

"तल्लुरुतित," ती म्हणाली. "बाईच्या हनुवटीवरचं गोंदण." आणि तिने स्वतःची हनुवटी जराशी वर केली. खालच्या ओठापासून उतरलेल्या बारीक, उभ्या, निळसर रेघा.

माझ्या आजीच्या हनुवटीवर तीन हिरवे ठिपके होते. सांगोल्याच्या बाजारात गोंदणारणीपुढे तिला बसवलं तेव्हा ती सहा-सात वर्षांची होती, आणि "दागिने हितंच ऱ्हात्यात, गोंदण तेवढं संगं येतंय" हे ती आम्हा नातींना कितीदा तरी सांगायची. लेकीने ते इंग्रजीत सांगितल्यावर मार्गदर्शक बाई माझ्याकडे बघतच राहिली. तिच्या आजीच्या काळीही असंच बोलत, म्हणाली. बिनगोंदणाच्या बाईला मेल्यावर चांगली जागा मिळत नाही. स्नायूचा दोरा काजळीत आणि तेलात बुडवून सुईने कातडीखालून ओढायचा. मिशनरी आले आणि हे पाप ठरलं. तिच्या आईच्या चेहऱ्यावर एकही रेघ नव्हती. तिने स्वतः वयाच्या पंचेचाळिशीत गोंदवून घेतलं.

नकाशात हे डेव्हन बेट आहे, इंग्लंडमधल्या एका परगण्याच्या नावाचं. आम्ही ज्या पाण्यात होतो ते लँकेस्टर साउंड. हे नाव विल्यम बॅफिन या इंग्रज दर्यावर्दीने १६१६ मध्ये दिलं, सर जेम्स लँकेस्टर या आपल्या आश्रयदात्याचं. हा लँकेस्टर म्हणजे १६०१ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा पहिला ताफा पूर्वेकडे घेऊन गेलेला माणूस. आणि बॅफिन? तो १६१७ मध्ये कंपनीच्याच जहाजावरून निघाला, तो आपल्या सुरतेला. शिवरायांच्या १६६४ च्या स्वारीमुळे आपण लहानपणापासून जिचं नाव ऐकतो, तीच सुरत. जहाजाच्या ग्रंथालयात हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला. आशियाकडे जायचा जवळचा रस्ता शोधत ही माणसं इथे आली आणि जाताना आपल्या धन्यांची नावं ठेवून गेली. ज्यांनी या पाण्याला आधीच नाव दिलं होतं, त्यांना कुणी विचारलं नाही.

आता थोडं मागे जाते. लेक टोरंटोला असते. गेली तीन वर्षं आम्ही दोघी पैसे साठवत होतो. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ओटावाहून विमानाने रेझोल्यूटला उतरलो. करड्या खडीचं सपाट गाव, झाड नाही, झुडूप नाही. याचं खरं नाव काउसुइत्तुक, जिथे पहाट होत नाही ती जागा. आम्ही गेलो तेव्हा सूर्य मावळतच नव्हता, म्हणून नाव उलटं वाटलं. पण हे नाव हिवाळ्याचं आहे, आणि ते ठेवणाऱ्यांनी तो हिवाळा भोगलेला आहे. १९५३ मध्ये कॅनडा सरकारने उत्तर क्वेबेकमधल्या इनुक्जुआकहून काही इनुइट कुटुंबं उचलून इथे आणि आणखी उत्तरेच्या ग्रीस फियॉर्डला आणून सोडली. जवळपास दोन हजार किलोमीटर. शिकार भरपूर मिळेल आणि दोन वर्षांनी परत जाता येईल, असं सांगितलं होतं. त्यांच्या गावी हिवाळ्यातही दिवस उगवायचा. इथे महिनोन्‌महिने अंधार. परत जाण्याचं वचन पाळलं गेलं नाही. सरकारने माफी मागितली २०१० मध्ये. रेझोल्यूटमधल्या स्मारकात एकटा पुरुष उभा आहे. ग्रीस फियॉर्डच्या स्मारकात बाई, मूल आणि कुत्रा. ताटातुटीची ही दोन स्मारकं एकमेकांपासून शेकडो किलोमीटर दूर आहेत. आमच्याबरोबरचे बरेच प्रवासी विमानतळावरून सरळ रबरी होड्यांकडे गेले. कार्यक्रमात इथे थांबा नाही याचं मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी बीची बेट. आधी बंदुकवाले मार्गदर्शक किनाऱ्यावर जाऊन चारी दिशांना उभे राहतात, अस्वल नाही याची खात्री करतात, मग आपण उतरायचं. आशियाकडचा तोच रस्ता शोधायला १८४५ मध्ये निघालेल्या जॉन फ्रँकलिन या इंग्रज कप्तानाच्या मोहिमेतल्या तिघांच्या कबरी इथे आहेत. जॉन टॉरिंग्टन, जॉन हार्टनेल, विल्यम ब्रेन. तिघेही १८४६ च्या पहिल्या चार महिन्यांत गेले. टॉरिंग्टन अवघा वीस वर्षांचा. 'एरेबस' आणि 'टेरर' या दोन जहाजांतून गेलेले १२९ जण परत आलेच नाहीत. गोऱ्यांची माणसं उपासमारीने मेल्याचं आणि शेवटी त्यांनी एकमेकांचं मांस खाल्ल्याचं इनुइट लोकांनी १८५४ मध्ये जॉन रे या शोधप्रवाशाला सांगितलं होतं. लंडनमध्ये गदारोळ झाला. रानटी लोकांच्या बोलण्यावर काय विश्वास ठेवायचा, असं छापून आलं. पुढे हाडांवर सुऱ्यांच्या खुणा सापडल्या. 'एरेबस' २०१४ मध्ये मिळालं, तेही इनुइट म्हातारेकोतारे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले होते त्याच भागात. 'टेरर' दोन वर्षांनी मिळालं, तेही एका इनुइट माणसाने आपण पाहिलेल्या डोलकाठीची गोष्ट सांगितल्यावर. दीडशेहून जास्त वर्षं गेली, आणि उत्तर तर पहिल्याच दिवसापासून लोकांच्या तोंडी होतं.

त्या कबरींपुढे मी हात जोडले. पोरं होती ती.

प्रिन्स लिओपोल्ड बेटाबद्दल मात्र कितीही लिहिलं तरी कमीच. अडीचशे मीटरचे सरळसोट कडे आणि त्यांच्या प्रत्येक कंगोऱ्यावर पक्षी. जाड चोचीच्या म्यूर पक्ष्यांच्याच सुमारे एक लाख जोड्या. काळी पाठ, पांढरं पोट, एकमेकांना खेटून उभे. आधी वास येतो, मग आवाज, मग ते दिसतात. घरटं बांधतच नाहीत. उघड्या खडकावर एकच अंडं, एका टोकाला निमुळतं, त्यामुळे ते सहजासहजी गडगडत जात नाही. पिल्लू तीन आठवड्यांचं झालं की उडता येत नसतानाच कड्यावरून खाली झेप घेतं. पाण्यात बाप त्याच्याबरोबर असतो आणि दोघं पोहतच दक्षिणेला निघतात. आम्ही अर्धा तास इंजिन बंद करून होडीत बसलो होतो. एक पिल्लू कड्याच्या टोकाशी आलं, मागे गेलं, परत आलं. त्याने उडी मारायच्या आत आम्हाला निघावं लागलं. आजही ते डोक्यातून जात नाही.

अस्वल दिसलं त्याच संध्याकाळी (घड्याळातली संध्याकाळ, ऊन तसंच). बर्फाच्या तुकड्यावर मादी आणि तिच्या मागे पिल्लू. कप्तानाने जहाज थांबवलं. पिवळसर, ताक घुसळून काढलेल्या लोण्याच्या रंगाची. ती नाक वर करून आमचा वास घेत होती आणि डेकवर शंभर माणसं श्वास रोखून उभी होती. कुणीतरी हळूच विनोद केला. मार्गदर्शक बाईने लगेच बोट ओठांवर ठेवलं. नानुकची, म्हणजे अस्वलाची, चेष्टा करायची नाही, त्याला ऐकू जातं. मला ते लगेच पटलं. आमच्या शेतावर अंधार पडल्यावर कुणी सापाचं नाव घेत नाही, लांबडं म्हणतात.

डेव्हनच्या किनाऱ्यावर डंडस हार्बरला उतरलो. ओसाड पडलेली पोलीस चौकी, तिच्यामागे दोन कबरी. दूर टेकडीवर मस्क-ऑक्सचे, म्हणजे बैलासारख्या केसाळ रानजनावरांचे, काळे ठिपके. पण मला धरून ठेवलं ते जमिनीतल्या गोल खड्ड्यांनी. इनुइटांचे पूर्वज, थुले लोक, यांची ही घरं. दगडाच्या भिंती, देवमाशाच्या हाडांचे वासे, वर कातडं आणि गवताची ढेकळं. जगातलं सर्वांत मोठं निर्मनुष्य बेट, असं याचं वर्णन करतात. खड्ड्याच्या कडेला बसून लेक म्हणाली, "इथे कुणाचं तरी स्वयंपाकघर होतं गं."

आणि मग मित्तिमातालिक. नकाशावरचं पाँड इनलेट. या नावाचा अर्थ, मित्तिमा जिथे पुरला आहे ती जागा. समोर बायलॉट बेटाच्या हिमनद्या, मधे एक्लिप्स साउंड. पाण्यात नारव्हाल होते, शिंगवाले छोटे देवमासे. त्यांचं शिंग म्हणजे खरं तर डावा दात, ओठ फोडून पिळासारखा वाढलेला. आम्हाला फक्त पाठी दिसल्या, राखाडी ठिपक्यांच्या, आणि श्वासाचा फुस्कारा.

गावच्या सभागृहात एका म्हातारीने कुल्लिक लावली. मऊ दगडाचा अर्धचंद्राकार दिवा, सीलचं तेल, रानकापसाची वात. काठीने वात सारखी करताना तिचा हात जराही हलत नव्हता. मग दोन मुली एकमेकींचे दंड धरून समोरासमोर उभ्या राहिल्या आणि कात्ताज्जाक सुरू झालं. घशातून, श्वासातून निघणारं गाणं. एकीचा श्वास सुटतो तिथे दुसरीचा सुरू होतो. जी आधी हसेल ती हरते. यावरही मिशनऱ्यांची बंदी होती. ताटात मक्ताक आलं, नारव्हालची कातडी आणि चरबी, कच्चीच. उलूने, बायकांच्या अर्धगोल सुरीने, बारीक चिरलेलं. मी खाल्लं. कोवळ्या खोबऱ्यासारखं लागलं. शेजारच्या एका प्रवासी बाईने तोंड फिरवलं, आणि मला राग आला. इथे शेती होत नाही. अशाच कच्च्या खाण्यातल्या 'क' जीवनसत्त्वावर ही माणसं टिकली. युरोपने सीलच्या कातड्यांवर बंदी घातली तेव्हा कागदावर इनुइटांना सूट होती, पण बाजारच कोसळला आणि शिकाऱ्यांच्या घरातला पैसा आटला. दुकानात भाजी विमानाने येते, तिच्या किमती आम्ही पाहिल्या होत्या.

चहा घेताना मार्गदर्शक बाईने आईबद्दल सांगितलं. १९४० च्या दशकात सरकारने प्रत्येक इनुइटाला एक चकती दिली, त्यावर नंबर. अधिकाऱ्यांना नावं लिहिता-बोलता येत नव्हती म्हणून. आईने ती गळ्यात घातली होती. आडनावं देऊन हे नंबर बंद केले ते १९७० च्या आसपास.

तेवढ्यात तीन वर्षांची एक मुलगी धावत आली आणि बाईने तिला उचलून घेत म्हटलं, "अनाना!" अनाना म्हणजे आई. ही तिच्या पुतणीची मुलगी. बाईची आई गेली त्याच वर्षी जन्मली, म्हणून तिला आईचं नाव दिलं. ज्याचं नाव, त्याचं नातं. घरातले सगळे तिच्याशी तसंच बोलतात.

मी म्हटलं, माझ्या भावाच्या मुलाला आमच्या वडिलांचं नाव आहे. पण आईने उखाण्याशिवाय कधी नवऱ्याचं नाव घेतलं नाही, म्हणून नातवालाही तिने आयुष्यभर 'बाळ' म्हटलं.

"मग ती त्याला कोण मानायची?" तिने विचारलं.

मला पटकन सांगता येईना. मग आठवलं. पंगतीत पहिलं ताट ती बाळला वाढायची, भावाच्याही आधी. तो पाच वर्षांचा असल्यापासून.

लेकीने सांगितलेलं ऐकून बाईने मान हलवली. मी खिशातली राजगिऱ्याची वडी काढून त्या मुलीपुढे धरली. तिने ती दोन्ही हातांनी घेतली, मोडली, आणि अर्धी आधी आपल्या पन्नाशीच्या लेकीच्या तोंडात घातली.