'अ', 'द' आणि मी

माझं इंग्रजी व्याकरण बरं आहे असा माझा समज होता. काळ चुकत नव्हते, स्पेलिंग चुकत नव्हतं. मग एकदा बैठकीचा अहवाल लिहायची वेळ आली. नव्या वेळापत्रकाला काही जणांचा होकार आहे, एवढंच सांगायचं होतं. मी लिहिलं, 'फ्यू पीपल ॲग्रीड'. वरिष्ठांनी ते वाचलं आणि वेळापत्रक गुंडाळून ठेवलं. 'अ फ्यू' म्हणजे काही जण. नुसतं 'फ्यू' म्हणजे जवळजवळ कोणीच नाही. एका 'अ'पायी मी पुढचे कितीतरी दिवस खुलासे करत बसलो.

तोवर 'अ', 'ॲन', 'द' या आर्टिकल्सबाबत माझी पद्धत सोपी होती : कानाला बरं वाटेल तिथे 'द' टाकायचा. आता नियम वाचायला घेतले. 'वस्तू विशिष्ट असेल तर द' हे वाक्य सगळीकडे सापडलं आणि त्यानंच मला जास्त घोळात टाकलं. काल मी पुस्तक घेतलं, ते माझ्या हातात आहे, याहून विशिष्ट काय असणार? तरी इंग्रजीत पहिल्यांदा सांगताना 'आय बॉट अ बुक'च म्हणायचं. का, ते उशिरा कळलं. मला कुठलं पुस्तक ते माहीत असून भागत नाही, ऐकणाऱ्याला माहीत हवं.

गंमत म्हणजे हा भेद आपण मराठीत रोज करतो, फक्त वेगळ्या जागी. 'मी वकील शोधतोय' म्हटलं की कोणीही चालेल. 'मी वकिलाला शोधतोय' म्हटलं की माणूस ठरलेला असतो, तो सापडत नाहीये एवढंच. तो सगळा भार आपला 'ला' उचलतो. हे लक्षात आल्यावर इंग्रजीची भीती निम्मी झाली.

मग मी एक उद्योग सुरू केला. चांगल्या इंग्रजीतला एक परिच्छेद घ्यायचा, त्यातली सगळी आर्टिकल्स खोडायची, दुसऱ्या दिवशी भरायची आणि मूळ मजकुराशी ताडून पाहायची. पहिल्या आठवड्यात निकाल लाजिरवाणा होता. एका परिच्छेदात कोणी एका खोलीत शिरतो, तिथे 'अ रूम'. पुढच्याच वाक्यात छत येतं, तर ते थेट 'द सीलिंग'. छताचा उल्लेख आधी झालेला नव्हता, म्हणून मी 'अ' भरलं होतं. पण खोली आली की तिचं छत आपोआप ओळखीचं होतं. हे मला कुठल्याही नियमानं शिकवलं नसतं.

दुसरा खड्डा मोजण्याचा. मराठीत आपण दहा सल्ले देतो. इंग्रजीत 'ॲडव्हाइस' मोजताच येत नाही, म्हणून 'अ'ही लागत नाही आणि अनेकवचनही होत नाही. 'इन्फर्मेशन', 'फर्निचर' यांचंही तेच. आता नाम लिहिलं की आधी विचारतो, हे मोजता येतं का? मगच पुढे जातो.

'अ' की 'ॲन' हा प्रश्न त्यामानानं किरकोळ. अक्षर बघायचं नाही, उच्चार ऐकायचा : 'अ युनिव्हर्सिटी', पण 'ॲन अवर', 'ॲन एमबीए'. नावांचं मात्र पाठांतरच आहे. नद्यांना 'द', सरोवरांना सहसा नाही. 'द हिमालयाज', पण नुसतं 'माउंट एव्हरेस्ट'. कारण शोधण्यात मी वेळ घालवला, तुम्ही घालवू नका.

अजून अडतोच. परवा आजारी सहकाऱ्याबद्दल मेल लिहीत होतो. माणूस उपचारासाठी दाखल असेल तर ब्रिटिश 'इन हॉस्पिटल' म्हणतात, अमेरिकन 'इन द हॉस्पिटल'. मेल दोन्हीकडे जाणार होता. पाच मिनिटं कर्सर लुकलुकत राहिला. शेवटी 'ही इज अनवेल' लिहून पाठवून दिला.